परसातले चुलवण

मराठी माणसाच्या संसाराची मोजदाद चुलीवरून होते. भाऊ वेगळे झाले असे आपण म्हणत नाही. चुली वेगळ्या झाल्या असे म्हणतो. शेजारचे भांडण कानांवर आले की 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून आपल्या घरच्या भांडणाचेही परस्पर समाधान करून घेतो. गृहस्थाच्या घरात नकळत जीवहत्या होण्याच्या पाच जागा मनुस्मृतीने सांगितल्या आहेत. त्यांतही पहिला मान चुलीचाच! अशा या जुन्या घराण्यातील दांडगा पुरुष म्हणजे चुलवण. ज्यांचा जन्म गॅसच्या शेगडीनंतरचा आहे, त्यांच्यासाठी सांगतो. विटा रचून केलेली ही मोठी चूल स्वयंपाकाची नव्हे. ती आंघोळीच्या पाण्याची. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लागून ती असे, तिच्यावर तांब्याचा हंडा चढे, आणि सगळे घर त्या हंड्याच्या भरवशावर थंडीत झोपून उठे.

सांगलीच्या गावभागातील आमच्या घराच्या परसात असे एक चुलवण आहे. आजोबांनी ते बांधले आणि २००४ साली गॅसचा गीझर येईपर्यंत ते रोज पेटत होते. पुढे ते वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला पेटू लागले. गेल्या वर्षी त्याची डावी बाजू बसली, समोरच्या चार विटा बाहेर आल्या, आणि प्रश्न उभा राहिला: दुरुस्त करायचे की काढून टाकायचे?

घरात प्रश्न उभा राहिला की मते बसून राहत नाहीत. थोरले बंधू पुण्यास असतात. त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले, "एक वीट हलवू नकोस. आपले लहानपण आहे त्यात." माणूस चुलवणापासून जितका दूर राहतो तितका त्याचा जीव त्यात अधिक गुंततो, असा माझा अनुभव आहे. सौभाग्यवतींना तेथे स्कूटर ठेवायला जागा हवी होती. लहानपण पावसात भिजत नाही, स्कूटर भिजते, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे मला तरी जमले नाही. कन्येने तोडगा काढला. परदेशात म्हणे परसात असाच विटांचा कट्टा बांधतात, त्याला बार्बेक्यू म्हणतात. त्यावर पनीर आणि कणसे भाजायची. चुलवण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले की त्याची प्रतिष्ठा किती वाढते पाहा!

हिशेब मांडला तर चुलवणाची बाजू फार लंगडी पडते. महाविद्यालयातील माझ्या पदार्थविज्ञानाच्या मित्राने कागदावर आकडेमोड करून दाखवली. चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे हजार किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण चार हजार असते. म्हणजे सारी उष्णता पाण्यालाच मिळाली, तर पाव किलो लाकडात काम भागावे. आमचे चुलवण तीन किलो सहज खाई. बाकीची उष्णता परसातील हवेला आणि आकाशाला जाई.

पण चुलवणाच्या बाजूचा एक साक्षीदार भक्कम होता, आणि तो म्हणजे कृष्णेचा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची असताना पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. आमच्या गल्लीत होड्या फिरल्या. पाणी उतरल्यावर घरोघरी चिखल होता, वीज नव्हती, गॅसच्या टाक्या कोठल्या कोठे तरंगत गेल्या होत्या. माळ्यावर जुने सरपण तेवढे कोरडे राहिले होते. चुलवण सुकताच आईने ते पेटवले, आणि चार दिवस गल्लीतल्या सात-आठ घरांचे पिण्याचे पाणी त्यावर उकळले. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा आली. जी नदी दोन वर्षांत दोनदा घरात येते, तिच्या काठी राहणाऱ्याने वीज आणि गॅस लागणार नाही अशी एखादी चूल मोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा, हे कोणालाही पटेल.

शेवटी एक गवंडी बोलावला. मिरजेकडचे वयस्क गृहस्थ. उसाच्या हंगामाआधी गुऱ्हाळांची चुलवणे बांधून देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी विटांवर बोटाने टकटक केले आणि निदान सांगितले. "सर, ह्याला सिमिटानं खाल्लं बघा." २००५ च्या पुरानंतर कोणीतरी फटी सिमेंटने भरल्या होत्या. घट्ट झालेल्या सिमेंटने आपल्या पोटात पाणी बांधून ठेवलेले असते. रोजच्या विस्तवाने ते उडून जाते आणि सिमेंट भुसभुशीत होते. विस्तवाला चिकणमाती, वाळू आणि भुसा यांचाच गिलावा मानवतो. तो तडकला तरी दोन बोटे मातीने पुन्हा सांधता येतो. काढायचे असेल तर तीन हजार, नवे बांधायचे तर अकरा, असा त्यांनी भाव सांगितला. मग चुलवणाच्या मागे वाकून त्यांनी विचारले, "धुराडं कुठं हाय ह्याचं?"

धुराडे नव्हतेच. कधीच नव्हते.

"गुऱ्हाळाला धुराडं असतंयच," ते म्हणाले. "नाही बांधलं तर गुळव्या दुसऱ्या दिवशी पळून जाईल."

आई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मी कुठं पळून जाणार होते?"

१९७३ साली ती या घरात आली. एकतीस वर्षे पहाटे पाचला त्या पत्र्याखाली बसून तिने फुंकणी हाती धरली. तिचा खोकला घरातल्या घड्याळासारखा होता. तो ऐकू आला की पाणी तापले असे समजावे. धुराचा उपाय काही अज्ञात नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर काढणारी 'मगन चूल' स्वातंत्र्याच्या सुमारास तयार झाली होती. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सरकारने १९८३ साली सुरू केला. घराघरांतल्या धुराने २०२० साली जगात बत्तीस लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उपाय तर केवढा साधा! गरम हवा हलकी होऊन नळीतून वर चढते, तिच्या ओढीने ताजी हवा तोंडातून आत येते, लाकूड नीट जळते, आणि धूर डोळ्यांऐवजी आभाळात जातो. पण नोकरी सोडून जाणाऱ्या गुळव्यासाठी जी वस्तू बांधली जाते, ती संसार न सोडणाऱ्या बाईसाठी बांधायचे कोणाला सुचत नाही.

जुनी वस्तू ठेवावी की मोडावी, यावर आपण मते मोजतो ती आठवणींची. बंधूंच्या आठवणीतले चुलवण म्हणजे ऊन ऊन पाणी आणि निखाऱ्यात भाजलेले रताळे. आईच्या आठवणीतले चुलवण म्हणजे ओले सरपण. दोन्ही आठवणी खऱ्या. पण निर्णयाचा अधिकार दोन्हींना सारखा नसावा. ज्याने वस्तू राबवली, त्याचे मत आधी. म्हणून मी आईलाच विचारले.

तिने दोन अटी घातल्या. "ठेवायचं तर धुराडं बांध. आणि पेटवायचं तुम्ही. मी फक्त आंघोळ करणार."

अकरा हजारांचे तेरा झाले. विटा जुन्याच, गिलावा मातीचा, खाली हवेसाठी लोखंडी जाळी, आणि पत्र्याच्या वर डोके काढणारे विटांचे धुराडे. चुलवण पूर्वीपेक्षा आखूड केल्यामुळे शेजारी स्कूटरही मावते. पनीरचा प्रश्न अजून विचाराधीन आहे.

थोरल्या बंधूंना मी कळवले आहे, की लहानपण शाबूत आहे आणि ते पहाटे चारला पेटवावे लागते. या नरकचतुर्दशीला ते येणार आहेत. फुंकणी त्यांच्या हाती देण्याचे ठरले आहे. आईला मात्र सूर्योदयापूर्वी हाक मारून उठवावे लागेल. कारण यंदा खोकल्याची खूण असणार नाही.