जालन्याच्या तहानेने पाहिलेली अमेरिका

जालन्यात वाढलेला माणूस परक्या गावात उतरला की आधी विचारतो, "नळ किती दिवसांनी येतो?" 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, दारोदार टँकरची वाट पाहत ड्रम लागले. ते दिवस पाहिलेल्या मला अमेरिकेत उंच इमारतींपेक्षा त्यांच्या नळांचं कुतूहल जास्त होतं.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सिल्मारजवळ, हमरस्त्यावरून जाताना डोंगरउतारावर काँक्रीटचा पायऱ्यापायऱ्यांचा पाट दिसतो. पाणी सोडलं की ते त्यावरून फेसाळत उतरतं. विल्यम मलहॉलंड या अभियंत्याने 1913मध्ये ओवेन्स खोऱ्यातून सुमारे 375 किलोमीटरवरून हे पाणी शहरात आणलं, तेही पंपाविना, निव्वळ उताराच्या जोरावर. जालनेकराला हे ओळखीचं वाटतं. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचं पाणीही असंच उताराने शहरात येतं.

पण त्या पाटाच्या वरच्या टोकाला काय झालं? ओवेन्स सरोवर काही वर्षांतच कोरडं पडलं. खोऱ्यातल्या चिडलेल्या लोकांनी 1924मध्ये सुरुंग लावून पाट फोडला. सरोवराच्या तळाची धूळ उडू लागली आणि ती दाबण्यासाठी लॉस एंजेलिसला पुढे अब्जावधी डॉलर ओतावे लागले. आपल्याकडे भांडण उलट्या दिशेचं आहे. वर नाशिक-नगरची धरणं भरतात आणि खाली जायकवाडी धरण वाट पाहतं. त्याच जायकवाडीवर जालन्याचीही तहान अवलंबून आहे. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005मध्ये झाला, तरी तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडायची वेळ आली की वाद कोर्टात जातो.

लास व्हेगासमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. जालन्यात त्याच्या सहापट तरी पडतो. या शहराला पाणी पुरवणाऱ्या, हूवर धरणामागच्या लेक मीड जलाशयाच्या कड्यांवर पांढराफटक पट्टा दिसतो. पाणी पूर्वी कुठवर होतं, त्याची ती खूण. 2022मध्ये पातळी इतकी खाली गेली की जलाशय भरल्यापासून तेवढी कधीच गेली नव्हती. रोषणाईच्या या शहरात घरांतलं आणि हॉटेलांतलं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडतात. नुसतं शोभेचं गवत काढून टाकण्याचा कायदा नेवाडा राज्याने 2021मध्ये केला. रस्त्याकडेला हिरवळीच्या जागी खडी आणि निवडुंग पाहिले, तेव्हा जुगाराच्या गावाने पाण्याचा जुगार मात्र थांबवलाय, असं मनापासून वाटलं.

आयोवातलं डी मॉइन हे शहर पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं; जालनेकराच्या यादीत ते असायलाच हवं. 1964मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना 1998चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या पुरस्काराचं घर डी मॉइनमध्ये आहे, नदीकाठच्या जुन्या वाचनालयाच्या देखण्या इमारतीत. त्या इमारतीसमोर उभं राहिलं की ऊर भरून येतो.

त्याच शहराच्या पाण्यात मात्र भोवतालच्या मक्याच्या शेतांतून खतांचं नायट्रेट उतरतं. ते काढायला 1992पासून वेगळं संयंत्र आहे. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 2015मध्ये वरच्या भागातल्या, शेतांतल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या मंडळांवर दावा लावला. 2017मध्ये तो फेटाळला गेला. बियाण्यांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या जालन्याने खतांचा हा हिशेब आजच मांडावा.

न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवर छातीएवढ्या उंचीचे राखाडी लोखंडी खांब दिसतात, डोक्यावर कुलूपबंद पेटी असलेले. पेटी उघडून कर्मचारी पाण्याचा नमुना घेतात. असे सुमारे हजार खांब शहरभर आहेत. पाणी दोनशे किलोमीटरपर्यंतच्या डोंगराळ भागातून येतं, जवळजवळ सगळं उतारानेच, आणि त्यातलं बहुतांश गाळणी प्रकल्पाविना, फक्त निर्जंतुक करून. कारण पाणलोटातल्या गावांशी झालेला 1997चा करार. प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प टाळून शहराने त्याहून कितीतरी कमी पैसा पाणलोटात लावला. शेतकऱ्यांच्या गोठ्यांचा निचरा सुधारला, गावांतल्या शौचालयांच्या टाक्या दुरुस्त केल्या, राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमिनी घेतल्या. वरच्या माणसाला भरपाई आणि खालच्याला स्वच्छ पाणी, असा हा रोकडा व्यवहार आहे.

घाणेवाडीचा गाळ जालनेकरांनी लोकसहभागातून काढला, शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेला. म्हणजे शहर आणि शिवार यांची देवाणघेवाण इथे सुरू झालेलीच आहे. 2023मध्ये महापालिका झालेल्या जालन्याने आता घाणेवाडीच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांशी लेखी करार करावा. बांधबंदिस्ती आणि कमी रासायनिक खत यांच्या बदल्यात पाणीपट्टीतला ठरावीक वाटा दरवर्षी त्यांच्या खात्यावर जमा व्हावा.