दोघींमधली जागा

अगं,

तुझं पत्र मिळालं. फिगर जमत नाही म्हणून अजून कुढतेयस? लाइफ क्लासमध्ये मॉडेलच्या पायांवर खुशाल चादर टाकून बोटं काढायचं टाळणारी तू! तरी कागदावर पोझ पकडायचीस ती सगळ्यांआधी, हे मी कधी विसरले नाही.

तुला सांगते, मध्यंतरी लग्नासाठी दिल्लीला गेले आणि जयपूर हाउसमधलं कलादालन गाठलंच. अमृता शेरगिलच्या चित्रांसमोर इतकी रमले, की सोबत आलेली मावशी बाकावर बसून चक्क पेंगायला लागली! 'थ्री गर्ल्स' आठवतं ना? पॅरिसच्या एकोल द बोझारमध्ये शिकलेली ही अमृता. अंगाची गोलाई, छायाप्रकाश, सगळं हातात होतं. १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि १९३५ मध्ये हे चित्र केलं. खोली नाही, सामान नाही. तिघी अगदी जवळ बसल्यात, पण कुणाचीच नजर कुणाकडे नाही. पदर-ओढण्यांच्या चुण्याही मोजक्याच, बाकी रंगाचे सपाट, मोठे आकार. त्या तिघींमधलं गप्पपण चेहऱ्यांइतकंच त्या आकारांतून येतं गं.

पुढे तिनं अजिंठ्याची लेणी पाहिली आणि १९३७ मध्ये 'ब्रह्मचारी' रंगवलं. डोळे किलकिले करून बघ: आधी दिसतात ती पांढरी धोतरं, त्यांच्यामागची लाली, सावळी अंगं. पाच मुलगे बसलेत हे नंतर लक्षात येतं. रचना आधी, माणसं मागून. तरी माणसं किती खरी!

घरी आल्याआल्या तेच करून बघायला आईला आणि काकूला मटार सोलायला बसवलं. आधी काढली ती आईचं कोपर आणि काकूचा खांदा यांच्यामधली चिंचोळी जागा, मग काकूच्या हाताखालचा त्रिकोण. आईचा धीर सुटला, "अगं, माझं नाक कधी येणार?" काकू म्हणाली, "तुमचं नाक आलं की मला जागा उरायची नाही!" दोघी हसल्या, पोझ मोडली, पण कागदावर तोवर त्या दोघी जावा आल्या होत्या. नाकाशिवाय!

म्हणून सांगते, एकट्या माणसाशी झटापट करू नकोस. दोघांना बसव, त्यांच्यामधली जागा आधी नीट बघ आणि तीच काढ. हातपाय आपोआप जागेवर येतात. आणि मोबाइलवर फोटो नको, कागदच पाठव. चारकोल पुसटला तरी चालेल.

तुझीच