सोडून दिलेला मासा

मासेमारी आमच्या घराण्यात पिढीजात. वसईच्या किनाऱ्यावर थोरल्या भावाने चाळीस वर्षे होडी चालविली. मी सेमिनरीत गेलो आणि त्याचा मुलगा अमेरिकेत. मुलाने जाळे हाती घेतले नाही, हे शल्य भावाने कधी लपविले नाही.

२०२२च्या प्रायश्चित्तकाळात, एप्रिलच्या आरंभी, मी त्या पुतण्याकडे ऑरेगन राज्यात होतो. एका पहाटे त्याने मला विलमेट नदीवर नेले. आमची कयाक म्हणजे वल्ह्यांनी हाकायची, पाण्याला टेकलेली अरुंद होडी. वरच्या अंगाला ऑरेगन सिटीचा रुंद धबधबा आहे. त्याच गावी १८४६ साली अमेरिकेतील दुसरा महाधर्मप्रांत स्थापन झाला. परंतु माझे चित्त इतिहासात नव्हते. पर्वतावरचे बर्फ वितळून आलेल्या पाण्याने बोटे बधिर झाली होती.

वसंतातील चिनूक सामन फेब्रुवारी-मार्चपासून समुद्र सोडून या नदीत शिरू लागतो. गोड्या पाण्यात आल्यावर तो अन्न वर्ज्य करतो, अंगच्या चरबीवर महिने काढतो, सप्टेंबरच्या सुमारास वीण झाली की मरतो. एवढा दीर्घ उपवास आम्हा धर्मगुरूंनाही झेपायचा नाही! तरीही गळाला लावलेल्या हेरिंगवर तो झडप घालतो.

चार तास काहीच लागले नाही. मग पुतण्याच्या हातातली काठी एकाएकी वाकली आणि मासा आमच्यासकट कयाक ओढू लागला. अखेर तो बाजूला आला : रुपेरी, सात-आठ किलोंचा. पुतण्याने त्याला जाळीत घेतले, पण पाण्याबाहेर काढले नाही. शेपटीच्या अलीकडचा लहानसा मांसल पर त्याने चाचपला.

"पर शाबूत आहे, काका. सोडावा लागेल."

मत्स्यबीज केंद्रात वाढविलेल्या पिलांचा तो पर कापलेला असतो. असे मासे ठेवता येतात. पर असलेला मासा नदीतच जन्मलेला. अशा माशांची संख्या रोडावल्याने १९९९पासून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

"एकाने काय होणार आहे? आणि इथे बघतंय कोण?" मी बोलून गेलो. पंचवीस वर्षे लोकांची पापकबुली ऐकणाऱ्याचे हे शब्द! पुतण्या काही बोलला नाही. त्याने माशाचे तोंड प्रवाहाकडे धरले. काही क्षणांनी शेपटी हलली आणि मासा दिसेनासा झाला.

रात्री भावाला फोन लावला.

"केवढा होता, फादर?"

"सात-आठ किलोंचा. तुझ्या पोराने सोडून दिला."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, "बरं केलं त्याने. आम्ही पापलेटची पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. दे त्याला फोन."

बापलेक किती वेळ बोलत होते, ते मी पाहिले नाही. मी बाहेर येऊन बसलो. तिबिर्याच्या समुद्रातून पेत्राने ओढून आणलेल्या १५३ माशांवर मी कितीदा प्रवचन केले आहे. सोडून दिलेल्या एका माशाविषयी बोलण्याआधी मात्र मला स्वतःला पापकबुलीला जावे लागले.