तीनशे ऐंशी माग

खासबाग म्हटलं की बाहेरच्या माणसाला कोल्हापूरचं कुस्त्यांचं मैदान आठवतं. आमचं खासबाग बेळगावातलं. इथं कुस्तीपेक्षा माग जास्त. शहापूर, वडगाव, खासबाग असा विणकरांचा पट्टाच आहे. मागांच्या खडखडाटात पोरं गाढ झोपतात आणि लाइट गेली, खडखडाट थांबला, की दचकून जागी होतात.

०

आमच्या घरातल्या मागाला एक हॉर्सपॉवरची मोटर होती. तेवढ्यावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाचा त्या टोकाला जायचा. म्हणून हॉर्सपॉवर म्हटलं की मला घोडा दिसत नाही, माग दिसतो.

परवा शाळेतला मित्र पुण्याहून पोर्शे ९११ घेऊन आला. कॅरेरा, ३८५ हॉर्सपॉवर. जर्मन हॉर्सपॉवर आपल्यापेक्षा किंचित हलकी असते, त्यांची ७३५ वॉटची, आपली ७४६. तेवढी तूट वजा केली तरी साधारण तीनशे ऐंशी माग होतात. आमच्या गल्लीतले सगळे माग एकदम सुरू केले तरी निम्मेसुद्धा भरायचे नाहीत. ते सगळे हिनं कमरेखाली बांधून आणलेले, आणि बसायची जागा खरी म्हणजे दोघांचीच.

०

या गाडीचं मूळ नाव ९०१. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती त्याच नावानं मांडली होती. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, अशी हरकत पेजोनं घेतली, म्हणून शून्याच्या जागी एक आला. तेव्हापासून इंजिन मात्र होतं तिथंच आहे, मागच्या चाकांच्याही मागं.

०

शनिवार, पहाटे पावणेपाच. तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी. उद्यमबागेच्या फाउंड्र्यांत कुठल्या कुठल्या गाड्यांचे भाग ओतले जातात. त्या वाटेनं पोर्शे नेताना पाहुण्याला सोनारआळीतून फिरवल्यासारखं वाटलं.

किणये सोडल्यावर मित्रानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि म्हणाला, "बस की."

चप्पल काढून ठेवली. तळव्याला पेडल नीट कळावं म्हणून. 

०

क्लच नाही. डोक्याला हे माहीत होतं, डाव्या पायाला नव्हतं. पहिल्या उतारावर गिअर बदलायच्या वेळी डावा पाय सवयीनं उठला आणि थेट ब्रेकवर पडला. दोघेही पट्ट्यात लटकलो. मित्र काही बोलला नाही. त्यानं फक्त माझा डावा गुडघा धरून दरवाजाकडं सरकवला, चुकल्या पोराला रांगेत नीट उभं करावं तसा. त्यानंतर त्या पायाला दिवसभर काम नव्हतं.

०

जांबोटी. स्पीडब्रेकर दिसला की एक बटण दाबायचं, नाक दोन बोटं वर उठतं. मग खालचा भाग न घासता गाडी पलीकडं. हमरस्त्यावरची राणी गावात शिरताना पदर सावरते, तसं.

चहाच्या टपरीवर एक आजोबा गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले.

"इंजान कुठं हाय हिचं?"

"मागं, आजोबा."

"मागं? मग पुढं काय हाय?"

"डिकी."

आजोबांनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे बैल मागं नि गाडी पुढं म्हणा की."

साठ वर्षं जर्मन इंजिनिअर ज्या गोष्टीशी झगडत आलेत, ती आजोबांनी एका बशीत सांगितली.

०

झगडा असा. वजन मागं असलं की जोर लावताना मागची चाकं रस्ता घट्ट धरतात. वळणातून बाहेर पडताना गाडी कोणी ढकलल्यासारखी उडते. पण वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर पळते. जुन्या ९११ यामुळंच बदनाम होत्या. नव्यांत इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवलेत, ते सांभाळून घेतात. पण नियम तोच: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात पाय स्थिर, रस्ता सरळ दिसला की जोर. घाबरायचं असेल तर आधी घाबरून घ्यायचं.

०

कणकुंबीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जंगल. एका बाजूला भीमगड अभयारण्य. धुकं इतकं की हेडलाइटचा उजेड आपल्याच अंगावर परत येतो. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. एवढ्या मोठ्या नदीची सुरुवात गाडीच्या वेगात दिसत नाही, म्हणून तिथं थांबलो. इंजिन बंद केल्यावर तापलेला पत्रा टिक टिक करत निवत होता. बाकी सगळं गप्प. माग थांबल्यावर घर गप्प व्हायचं, तेवढं.

०

पुढं दुधाचा टेम्पो लागला. वळणामागं वळण, पुढचं काही दिसत नाही. तीनशे ऐंशी माग घेऊन मी दुसऱ्या गिअरमधे चार किलोमीटर दुधाच्या कॅनांचा आवाज ऐकत गेलो. हॉर्न दिला नाही. मग एक सरळ पट्टा आला, धुकं बाजूला झालं आणि टेम्पोवाल्यानं खिडकीतून हात बाहेर काढून "जा" केलं.

पाय दाबला. आधी नुसती गुरगुर, मग पाठीमागून एक सूर चढत गेला आणि पाठ सीटला चिकटली. मागाच्या रुळावर कापड गुंडाळावं तसा रस्ता गाडीखाली गोळा होत होता. पोटात लहानपणी पाळण्यात व्हायचं तसं झालं. मी ओरडलो असणार, कारण नंतर घसा खवखवत होता. चार सेकंद, फार तर पाच. पुढं वळणाची पाटी दिसली, ब्रेक.

मी काट्याकडं पाहिलं नव्हतं. मित्रानं पाहिलं होतं. त्यानं आकडा सांगितला नाही.

०

ही गाडी उभ्या जागेवरून सव्वाचार सेकंदांच्या आत शंभरावर जाते. आता उलट हिशेब. ताशी शंभरला एका सेकंदात २८ मीटर रस्ता सरतो. म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत दोन एसट्या एकामागं एक उभ्या राहतील एवढं अंतर गेलं, आणि ब्रेकवर पाय अजून पोचायचाच आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. घाटातला गवा हे गणित शिकलेला नाही.

०

सरळ रस्त्यावर पळवणं म्हणजे नुसता पैसा. वळणावर कान लागतो. आमचे वडील माग चालू ठेवून जेवायला बसायचे. घास तोंडात असतानाच म्हणायचे, "तार तुटली." आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. गाडी चालवतानाही तसंच. टायर घसरायच्या आधी कुरकुरतो, इंजिनाचा दम कमी पडायच्या आधी सूर जाड होतो. काटे बघून चालवणारा नेहमी अर्धा क्षण मागं असतो.

०

निपाणीच्या वाटेवर तवंदीचा घाट. एका जुन्या ट्रकवाल्यानं फार पूर्वी सांगितलेलं: ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला की ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. पोर्शेचे ब्रेक ताटाएवढे असले तरी नियम बदलत नाही.

०

उसाच्या हंगामात या भागात रात्री ताकदीच्या गाडीचं काम नाही. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही. काळोखात चालती भिंतच. रस्त्यावर पडलेला पाला दवानं ओला झाला की तेल सांडल्यासारखा निसरडा. आमच्याकडं "बुंगाट" म्हणजे सुसाट पळवणं. बुंगाट जायचं तर डिसेंबरात उजाडल्यावर जावं. संध्याकाळचा रस्ता उसाचा.

०

रस्त्यावर शर्यत लावायची तर सरकारची लेखी परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम. नाहीतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. बैलगाडीच्या शर्यती २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंद केल्या आणि १८ मे २०२३ ला महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य धरून त्यांचा रस्ता मोकळा केला. सीमाभागात वेगाचा नाद पेट्रोलच्या आधीपासूनचा. शर्यतीच्या बैलाला खुराक काय घालतात हे इथल्या माणसाला तोंडपाठ असतं.

०

पुढच्या पिढीनं मात्र नादाला कुंपण घातलंय, हे बरं. कोल्हापूरकडं मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टला स्प्रिंग नसतात, बूड जमिनीपासून चार बोटांवर, रस्त्याचा प्रत्येक खडा मणक्यात कळतो. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला होता.

०

कणकुंबीपुढच्या चोर्ला घाटाच्या पायथ्याशी गोवा. तिथं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची गाडी निघाली होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची. रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे साठ माग. या घाटाला साठसुद्धा पुरे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मित्राला सांगितलं नाही.

०

कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली. दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिच्या पुढं-मागं माणसंच माणसं, आणि ती पायी चालणाऱ्याच्या चालीनं येते. लहानपणी मला वाटायचं, एवढी मोठी गाडी आणि हिला पळवत कसे नाहीत?

०

रविवार. मित्र निघाला तो नेमका खासबागच्या बाजाराच्या वेळी. दुसऱ्या रस्त्यानं जा म्हटलं, ऐकलं नाही. मी शेजारी बसलो, कोपऱ्यापर्यंत सोडायला.

पुढं कांद्याचा हातगाडा, डावीकडं मेथीच्या जुड्या, उजवीकडं वाळकी मासळी. नाक दोन बोटं वर. पाच मिनिटांत वीस पावलं. एक आजीबाई डोक्यावरची भाजीची बुट्टी सावरत आडवी आली, दमली आणि बुट्टी सरळ गाडीच्या पुढच्या झाकणावर टेकवून उभी राहिली. मित्रानं श्वास रोखला. मी दार उघडून उतरलो.

आजीनं झाकणावर तळहात ठेवला. मग जरा आश्चर्यानं तो दाबून पाहिला.

"थंडगार हाय की रं. आत्ताच काढलाईस व्हय घरातनं?"

"व्हय आजी," म्हटलं, आणि बुट्टी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.