क्लच नवा, वास कुणाचा?

मोटरसायकलच्या क्लच प्लेटा बदलल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत गाडीतून अनोळखी वास येतो, आणि बहुतेक वेळा तो क्लचचा नसतो. क्लचपर्यंत पोचायला बहुतेक गाड्यांत इंजिनाचे उजवे कव्हर उघडावे लागते. त्यासाठी किक निघते, फुटरेस्ट निघतो, मागच्या ब्रेकचा पायडल हलतो, काही गाड्यांत सायलेन्सरही उतरतो. जिथे जिथे मिस्त्रीचा हात फिरला, तिथे तिथे वासाला जागा तयार झाली. गाडीवाल्याचे नाक मात्र सरळ क्लचवर जाते, कारण पैसे तिथे गेलेले असतात.

काही वास आपोआप विरतात. कव्हर बसवताना लावलेली सिलिकॉनची पेस्ट सुकेपर्यंत बहुधा व्हिनेगरसारखी आंबट दरवळते. दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस राहत नाही. सुटे भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुतलेले असतात, सायलेन्सरच्या बेंडवर तेलकट बोटांचे ठसे उमटलेले असतात. इंजिन तापले की हे सगळे जळून जाते. एक-दोन फेऱ्यांत वास कमी होत गेला तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. तो वाढत गेला, किंवा तेवढाच टिकून राहिला, तर शोध सुरू करावा.

सगळ्यात जास्त वेळा सापडते ते गळणारे तेल. कव्हराखालचे पॅकिंग जुनेच परत बसवले, एखादा बोल्ट कमी आवळला, किकच्या दांड्याचे ऑइल सील दुखावले, की तिथून तेलाचा थेंब सुटतो. कित्येक गाड्यांत सायलेन्सरचा तापलेला पाइप याच कव्हराच्या खालून जातो. थेंब त्यावर पडला की निळसर धूर आणि करपलेल्या तेलाचा जड वास. चालत्या गाडीत वारा तो मागे नेतो. नागपूरच्या हिंगणा रोडच्या सिग्नलवर गाडी थांबली की तो वर चढून हेल्मेटात शिरतो. म्हणून ‘गाडी थांबल्यावरच वास येतो’ ही तक्रार ऐकली की चांगला मिस्त्री आधी पाइपाकडे पाहतो. गळती बारीक असेल तर थंड इंजिनाचा सांधा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी फिरवून आणावी. पांढऱ्यावर उमटलेला ओला ओघळ मूळ जागा दाखवतो. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरले तरी बरेच कळते.

तेल जास्त भरले गेले तरी वास येतो. लहान गाड्यांत साधारण लिटरच्या आतबाहेर तेल लागते. जुने नीट निथळू न देता बाटली सगळी रिकामी केली तर पातळी वर जाते, जादा तेल ब्रीदरच्या नळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात येते आणि पेट्रोलबरोबर जळते. अशा वेळी धूर सायलेन्सरच्या तोंडातून निघतो, बेंडवरून नाही.

दुसरा संशयित मागचे चाक. ड्रम ब्रेकच्या गाडीचा पायडल परत बसवताना रॉडचा नट जास्त आवळला गेला तर ब्रेक शू ड्रमला घासत राहतात. तापलेल्या लायनरचा वास जळक्या क्लचच्या इतका जवळचा की अनुभवी माणूसही फसतो. पडताळणी मात्र अगदी सोपी. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवावे. ते लगेच अडत असेल, किंवा थोडे चालवल्यावर हबजवळ नेलेल्या तळहाताला धग लागत असेल, तर क्लच निर्दोष आहे. हबला हात लावू नये. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे २०१३ साली पारा ४७.९ अंशांवर गेला होता, उन्हात उभी गाडीही चटका देते, तेव्हा मागच्या हबची धग पुढच्याशी ताडून पाहावी.

सायलेन्सर उतरवला असेल आणि सिलिंडरपाशी त्याची रिंग नीट बसली नसेल, तर कच्च्या धुराच्या वासाबरोबर फटफट आवाजही येतो. कुजक्या अंड्यासारखा वास जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा असू शकतो. तोच वास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, पेट्रोलमधल्या गंधकामुळेही येतो. पण १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली, त्यामुळे ती शक्यता आता कमी. पेट्रोलचा वास किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला तर तर्क करत बसू नये, गाडी तिथेच बंद करावी. निसटलेली नळी किंवा सायलेन्सरला टेकलेली वायर आग लावू शकते.

एवढे सगळे तपासून झाले की क्लचची पाळी. हिंगण्यात जळक्या क्लचचा वास ओळखणारे पुष्कळ. इथल्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि तालुक्यातल्या कापसाच्या नि संत्र्याच्या वावरांत ट्रॅक्टर रोजचा. काळ्या मातीच्या चिखलात रुतलेला ट्रॅक्टर अर्ध्या क्लचवर ओढून काढताना घशात बसणारी जी तिखट वाफ उठते, ती इथल्या नाकांना पाठ असते. मोटरसायकलला हा अनुभव लावला की घोटाळा होतो. ट्रॅक्टरचा क्लच बहुधा कोरडा, घासला की लगेच बोंब मारतो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. कॉर्कचे किंवा कागदी तंतूंचे अस्तर असलेल्या चार-सहा प्लेटा आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक पोलादी प्लेटा. त्या घसरू लागल्या की उष्णता तेल घेते आणि वासही तेलच गिळते. बाहेर काही जाणवेपर्यंत प्लेटांचे बरेच नुकसान झालेले असते. म्हणून या क्लचचा वास तेल भरायचे झाकण काढून घ्यावा. गेजवरचे तेल काळवंडलेले आणि करपट असेल, तर शंका खरी.

चाचणी रस्त्यावर होते. डिगडोहच्या टेकडीकडे चढताना वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. नव्या प्लेटा घसरण्याचे पहिले कारण क्लच वायर. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. दुसरे कारण तेल. मोटरसायकलच्या बाटलीवर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेले असते. एमबी हे स्कूटरचे तेल, तिथे क्लच तेलात नसतो. एमबी किंवा घर्षण कमी करणारी रसायने असलेले कारचे तेल ओतले तर उत्तम प्लेटाही निसटतात. तिसरे, प्लेटा तेलात न भिजवता कोरड्याच बसवणे. आणि चालवणाऱ्याची सवय उरतेच. एमआयडीसीची पाळी सुटल्यावरच्या गर्दीत जो माणूस लिव्हर अर्धी दाबून सरकत राहतो, त्याने जुन्या प्लेटा जशा संपवल्या तशाच तो नव्याही संपवेल.

वायर आणि तेल ठीक असूनही घसरणे थांबले नाही, तर कव्हर पुन्हा उघडावे लागते. पोलादी प्लेटांवर निळे डाग असतील तर त्या तापून वाकलेल्या असू शकतात. सपाट काचेवर ठेवून पाहाव्यात. स्प्रिंगांची लांबी मोजावी. क्लच हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी चर पाडले असतील तर ते घासून सपाट करावेत किंवा हाउसिंगच बदलावे. जळक्या अस्तराची भुकटी त्याच तेलातून गिअरपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत फिरते, म्हणून तेल सगळे बदलावे, आणि कव्हर उघडे आहे तोवर तेलाची जाळी व, बऱ्याच लहान गाड्यांत त्याच कव्हराखाली असलेला, फिरता फिल्टरही धुऊन घ्यावा.