ओरखड्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाड्यांच्या ओरखड्यांवर लिहावे, याचे कोणास हसू येईल, येऊ द्या. गेल्या दिवाळीत मी महिनाभर संध्याकाळी बेळगावच्या बाजारपेठेजवळ एका गाडीतळावर चिठ्ठ्या फाडल्या. जागा अपुरी, गाड्या दोन-दोन रांगांत. मागची काढायची तर पुढची हलवायला हवी, म्हणून लोक किल्ल्या आमच्याकडे देऊन खरेदीला जात. एवढ्या दाटीत बंपरला बंपर घासला नाही तरच नवल!

ओरखडा दिसला की कोणी "यार माड्यार्री?" म्हणून ओरडे, तर कोणी "हे कुणी केलं?" म्हणून. एक मालक कन्नड, दुसरा मराठी. मधे दुभाषा मी. शिव्यांचा अनुवाद मात्र करावा लागत नसे, त्या दोघांनाही कळत.

"विमा आहे की!" असे प्रत्येकजण म्हणतो. मी एकदा चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. रंगकामाचे बिल ३,००० रुपये धरा. त्यात रंगाच्या मालाची किंमत पाव हिस्सा, म्हणजे ७५०, आणि तिचा निम्मा भाग, ३७५, घसाऱ्यात जातो. लहान गाडीला पहिले १,००० आपण सोसायचे. हाती उरले १,६२५. पण दावा केला की 'नो क्लेम बोनस' बुडतो. पाच वर्षे दावा न करणाऱ्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. हा हप्ता ६,००० असेल तर पुढल्या वर्षी ३,००० जास्त भरा, आणि सुटीची शिडी पुन्हा २० टक्क्यांपासून चढा. धडक देणाऱ्याच्या विम्यातून मागावे, तर तो न देईल तेव्हा अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी! तीन हजारांसाठी कोण चढतो? म्हणून दोघे जागेवरच पाचशे-हजारांवर येतात, नाहीतर "होगली बिड्री", "जाऊंदे सोडा" म्हणून निघून जातात. दोन्ही भाषांत 'सोडा' हाच शब्द आहे, याची मला तेव्हा गंमत वाटे.

पण धडक देणारा सापडलाच नाही तर? तेव्हा कोणी सोडत नाही.

माझ्याबरोबर खेड्यातला एक सतरा वर्षांचा पोरगा होता. एका पांढऱ्या गाडीच्या दाराला चरा निघाला. तो आमच्या तळावर पडला की आधीचाच होता, देव जाणे. मालक तापला, ठेकेदाराने त्याला हजार रुपये देऊन शांत केले आणि पोराची तीन दिवसांची मजुरी कापली. चिठ्ठीवर मात्र ठळक छापलेले होते : 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'.

आमच्या अभ्यासक्रमात १८७२ चा करार कायदा आहे. किल्ली ताब्यात दिली की तो 'बेलमेंट'. घेणाऱ्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी काळजी घेतली पाहिजे. दिल्लीच्या एका हॉटेलातून चोरीस गेलेल्या मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले की, स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर अशा छापील ओळीआड लपता येत नाही. आणि मजुरी कापायची तर नुकसान कामगाराच्याच चुकीने झाल्याचे ठरावे लागते, त्याला बाजू मांडू द्यावी लागते. पोराला कोणी विचारलेच नव्हते. मालकापासून वाचायला ठेकेदाराकडे निदान एक ओळ होती. ठेकेदारापासून वाचायला पोराकडे काय होते?

हे मी ठेकेदाराला आधी मराठीत सांगितले, मग कन्नडमध्ये, कारण रागावला की तो कन्नडवर येई. "तू अकौंट शिकतोस की वकिली?" तो म्हणाला. मी चिठ्ठीपुस्तक त्याच्या टेबलावर ठेवले आणि उभा राहिलो. गर्दीची वेळ होती, बाहेर हॉर्न वाजत होते.

पोराला दोन दिवसांची मजुरी परत मिळाली. तिसऱ्या दिवसाची अजून बाकी आहे. माझ्या वहीत ती ठेकेदाराच्या नावे पडली आहे.