दीड फेरा

आरएक्स १०० मोटरसायकल ट्यूनिंगला घेतली की मी आधी गॅरेजातला रेडिओ बंद करतो. इंजिन पुरतं तापलेलं, फिल्टर धुतलेला, प्लग नीट. मग कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अलगद आत टेकवायचा (आवळला की टोक गेलंच), दीड फेरा मागे घ्यायचा आणि तिथून पाव-पाव फेरा करत ऐकायचं. एका जागी आवाज चढतो, मोकळा होतो. तिथं हात थांबवायचा आणि आयडलिंग दुसऱ्या स्क्रूनं खाली आणायचं.

गिऱ्हाईक म्हणतं, "पिकअप नाही." मी विचारतो, किती रेसला अडखळते? मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करतो आणि गाडी पळवून आणतो. हवेच्या स्क्रूची सत्ता पहिल्या पाव रेसपुरती. मधल्या पट्ट्यात निडल बोलते. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल उचलली जाते, पेट्रोल वाढतं. पाऊण रेसच्या पुढे मेन जेटचं राज्य. अडखळते कुठे हे कळल्याशिवाय कार्बोरेटर उघडणं मला पटत नाही. आणि एका वेळी एकच बदल. दोन केले तर गुण कुणाचा आला ते कळायला मार्ग उरत नाही.

हे मी एक पिस्टन घालवून शिकलो. शिकाऊ होतो. एका गिऱ्हाइकाला ॲव्हरेज हवं होतं, म्हणून मी एक नंबर लहान मेन जेट बसवला. गाडी हलकी पळाली, दोघंही खूश. त्याच आठवड्यात भर उन्हात फुल रेसवर पिस्टन जाम झाला. पेट्रोल नुसतं जळत नाही, वाफ होताना इंजिन थंडही करतं. मी तेच तोडलं होतं. त्या जाम पिस्टनवरचे उभे ओरखडे अजून डोळ्यांपुढे आहेत. प्लग काढून पाहिला असता तर पांढरा फटक दिसला असता. बिस्किटी रंग हवा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त.

हवाही बदलते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर. तिथं विरळ हवेत गाडी जड वाटते म्हणून कुणी जेट लहान करून घेतो आणि तशीच आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरवतो. खाली हवा दाट होत जाते, पेट्रोल मात्र तेवढंच. अशा माणसाला मी काम हाती घेण्याआधी विचारतो, परत कुठल्या वाटेनं जाणार?

२०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी बहुतेक इंजेक्शनच आलं. तिथं हवेचा हिशेब सेन्सर ठेवतो, चांगला ठेवतो. माझ्याकडे जुन्याच येतात. काल एक पोरगा आजोबांची गाडी घेऊन आला. स्क्रू त्याच्या हाती दिला. दोनदा तो मोकळ्या आवाजाच्या पुढे गेला. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आत त्याचा हात थांबला.